मिस्त्रींचा हात आणि तिसरा गिअर

माझ्या शेडवर पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "साहेब कुठायत?" मी सांगते, साहेब बँकेत आहेत, संध्याकाळी सातला घरी येतात आणि गिअरबॉक्समधलं त्यांना ओ का ठो कळत नाही. काम असेल तर माझ्याशी बोला. मग समोरचा जरा वरमतो आणि कामाचं बोलायला लागतो. आता मला त्याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर येतो, पण तो दिवसभर पुरत नाही.

शेड बाळकुमला आहे, नवीन टॉवर्सच्या मागे, जुन्या गावाच्या अंगाला. मी राहते डोंबिवलीत, कोपरला. माणकोलीचा पूल झाल्यापासून स्कूटरवरून येणं-जाणं सोपं झालंय. शेड सुरू करण्याआधी वीस वर्षं मी ठाण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. कंपनीने गाशा गुंडाळून दुसऱ्या राज्यात जायचं ठरवलं तेव्हा मी शेचाळीस वर्षांची होते आणि मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे मोठ्या डिझेल गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. म्हणून तेच काम सुरू केलं.

ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना कार आठवते. पण विमानतळावरचे आगीचे बंब, खाणीतले डंपर, अवजड क्रेन यांच्यात बऱ्याचदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, आणि तो उचलायला माणसं नाही, चेनब्लॉक लागतो. त्याच्या पोटात गिअर बदलण्याचं काम तेल करतं. प्रत्येक गिअरसाठी प्लेटांची एक चवड असते, तिला क्लच पॅक म्हणायचं. बारीक बारीक वाटांमधून दाबाखालचं लाल रंगाचं तेल त्या चवडीपर्यंत पोचतं, चवड आवळली जाते आणि गिअर धरतो. तेल कमी पोचलं की चवड अर्धवट आवळते, प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि जळतात. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

या वाटा इतक्या बारीक असतात की त्यात कापडाचा एक धागा गेला तरी घात होतो. म्हणून माझ्या शेडमध्ये कॉटन वेस्टला, म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताच्या बोळ्यांना, बंदी आहे. इतर गॅरेजमध्ये हात पुसायला, पार्ट पुसायला सगळीकडे तेच वापरतात. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, वेस्ट आत आणू नये. एका टेम्पोवाल्याच्या खांद्यावर वेस्टचा बोळा होता, तर मी त्याला दारातून परत पाठवलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे काय झालं ते ऐकताना ही बाई किती शिस्तीची होती हे लक्षात असलेलं बरं.

माझ्याकडे बॉक्स बांधायला एक मिस्त्री आहेत. वय त्रेसष्ट. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय, शिक्षण आठवीपर्यंत, पण ड्रॉइंग माझ्याआधी वाचतात. कल्याण पूर्वेला चाळीत राहतात. माझ्याकडे यायच्या आधी ते एका मोठ्या गॅरेजमध्ये होते. तिथल्या मालकाच्या मुलाने त्यांना एक दिवस सांगितलं, मिस्त्री, तुमचा हात हलायला लागलाय, आता आराम करा. आमचा धंदा छोटा. भिवंडीपासून उरणपर्यंत फार तर वीस-पंचवीस माणसं एकमेकांना ओळखून. महिन्याभरात सगळीकडे झालं की मिस्त्रींचा हात गेला.

हात हलायचा हे खरं होतं, पण तो रिकामा असला की. चहाचा ग्लास धरला तर चहा काठाला लागायचा. त्याच हातात पाना आला, मेजरिंगचं काही आलं, की थरथर बंद. मी हे वर्षभर रोज बघत होते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

तो ट्रक आला गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. ट्रक म्हणजे रिकव्हरीची क्रेन. घोडबंदरच्या घाटात कंटेनर आडवा झाला, बायपासला भरलेला ट्रेलर बंद पडला, की ओढून नेणारी. मालक आणि ड्रायव्हर एकच, बाळकुमच्याच बाजूचे आगरी काका, साठीच्या आसपासचे. एक मोठा प्रोजेक्ट संपला तेव्हा तिथली ही गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती. इंजिन पाचशे घोड्यांच्या घरातलं, एकदम ठणठणीत, पण गिअरबॉक्स खलास. ते मिस्त्रींना वीस वर्षांपासून ओळखत होते आणि त्यांच्यासाठीच आले होते. आल्या आल्या माझ्यासमोरच म्हणाले, "मिस्त्री, सगले बोलतान का तुझा हात गेला. खरा काय?"

मिस्त्रींनी दोन्ही हात मागे घेतले. "हा बॉक्स मी बांधतो. चालवून बघा, मग तुम्हीच सांगा सगळ्यांना."

"चालंल," काका म्हणाले. "पन असा बांध का माझा ट्रेलर घाटात मागं जायला नको."

असं ते ठरलं. माझ्या दृष्टीने ती एक चांगली ऑर्डर होती. मिस्त्रींसाठी ती परीक्षा होती, आणि परीक्षक सगळ्या धंद्यात बडबड्या म्हणून प्रसिद्ध.

बॉक्स खोलला तेव्हा आत सगळा कोळसा. नुसते पार्ट बदलून भागणार नव्हतं, कारण गाडीला मुळात जेवढं वजन ओढायला दिलं होतं त्याच्या दीडपट काका ओढणार होते. आम्ही पंप मोठा घेतला, तेल थंड करायचा कूलर वाढवला. तिसऱ्या गिअरच्या पॅकमध्ये सात फ्रिक्शन प्लेटा होत्या, तिथे आठ बसतील अशी जागा काढली. भरलेला ट्रेलर ओढत घाट चढताना गाडी सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्यावर असते, म्हणून. नव्या प्लेटा आदल्या दिवशी तेलात भिजत घातल्या, डाळ भिजत घालतात तशा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या फटक्याला जळतात. मग मिस्त्रींनी एकेक पॅक बांधला. प्रत्येक पॅकमध्ये प्लेटा आणि वरची रिंग यांच्यात किती फट राहिली पाहिजे याचं माप असतं. ती फट, म्हणजे क्लिअरन्स, ते फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजायचे, तीन ठिकाणी, दोनदा, आणि फळ्यावर खडूने आकडा लिहायचे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. अक्षर शाळेतल्या मुलासारखं, गोल.

मग हवा मारून तपासायचं. तेलाच्या वाटेत एअरगनने हवा सोडली की पॅक आवळला जातो आणि आतून ठक् असा आवाज येतो. चारही पॅकचा आवाज खणखणीत आला. त्यानंतर फक्त व्हॉल्व्ह बॉडी बसवायची राहिली होती, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदूच म्हणायचा. बॉक्स स्टँडवर उलटा होता आणि तेलाच्या सगळ्या वाटा वर तोंड करून उघड्या. त्यावर प्लास्टिक टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. कंपनीत खंडेनवमीला मशिनांची पूजा व्हायची. नारळ फोडायचे प्लँट मॅनेजर, हळदकुंकू वाहायचे सुपरवायझर, आणि आम्हा तीन-चार बायकांना सांगायचे, तुम्ही रांगोळी छान काढता. वीस वर्षं मी रांगोळी काढली. ज्या टेस्ट बेंचवर मी काम करायचे त्याच्यावर दुसरा कुणीतरी फूल ठेवायचा आणि मी प्रसाद वाटायचे. देवाधर्माचं मला फार नाही, पण ते मनात होतं. स्वतःची शेड झाल्यावर पहिल्या वर्षी नेमकी सासूबाईंना हॉस्पिटलात ठेवलेलं, पूजा झालीच नाही. हे दुसरं वर्ष. मी सकाळीच झेंडूची फुलं, आंब्याचा डहाळा, हळदकुंकू, कुंकवात भिजवलेल्या अक्षता असं सगळं घेऊन गेले. पाने-स्पॅनर धुऊन पुसून मांडले. हायड्रॉलिक प्रेसला हार घातला. मग म्हटलं, हातातलं काम म्हणजे हा बॉक्स, खरी पूजा याची. आणि मी त्याच्यावरचं प्लास्टिक काढलं.

मिस्त्री बौद्ध आहेत. पूजेच्या वेळी ते दाराशी उभे होते, हात मागे बांधून. पेढा द्यायची वेळ आली की घेणार, हे मला माहीत होतं. मी प्लास्टिक काढल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ते प्लास्टिक राहू द्या त्याच्यावर. मग करा काय करायचं ते."

माझं डोकं सटकलं. "काय करायचं ते" हे शब्द मला लागले. वाटलं, घ्या, इतकी वर्षं सुपरवायझर होते, आता हे. यांना पटत नसेल तर नसू दे, पण माझ्या शेडमध्ये मला शिकवायला कशाला? मी म्हटलं, "मिस्त्री, पाच मिनिटांचं काम आहे. देवाला प्लास्टिकवरून वाहतात का?" बोलले ते एवढंच, पण कसं बोलले ते मला माहीत आहे. मी हळदकुंकू बॉक्सच्या अंगाला लावलं, वर एक फूल ठेवलं, आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या.

कॉटन वेस्टचा एक धागा चालत नाही म्हणणारी बाई. चिमूटभर तांदूळ. उघड्या वाटांवर.

त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलंच नाही, हे शपथेवर सांगते. अक्षता म्हणजे मला तांदूळ वाटलेच नाहीत. त्या अक्षता होत्या. दसरा झाल्यावर मी फूल उचललं, दिसले ते दाणे ब्रशने गोळा केले, आणि झालं.

मिस्त्रींनी मात्र त्या दिवशी व्हॉल्व्ह बॉडी बसवायच्या आधी बॅटरी घेऊन एकेक भोक बघितलं. मग पुन्हा हवा मारली. मी म्हटलं, "पूजेच्या आदल्या दिवशी तर सगळं चेक केलं आपण." ते म्हणाले, "परत एकदा बघतो." आणि मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, यांचा स्वतःवरचा भरवसा गेलाय. लोक म्हणतात त्यात तथ्य असावं. तिसऱ्यावर हवा मारून ते थांबले, परत मारली, कान लावून ऐकलं.

"मॅडम, तिसऱ्याचा आवाज जरा बसका वाटतोय."

मी ऐकला. "मला सारखाच वाटतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॉक्सकडे. "बरं," म्हणाले आणि व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट आवळायला घेतले.

ट्रायल फक्कड झाली. रिकामी गाडी काकांनी माजिवड्यापर्यंत नेली, फ्लायओव्हरवर चढवली, उतरवली. गिअर कधी बदलला ते कळतच नव्हतं. काका इतके खूश की येताना सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कोन म्हनतो हात गेला?" मिस्त्रींनी वडापाव खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, लाजले.

पाचव्या दिवशी गाडी परत आली. पहिल्या-दुसऱ्यावर रखडत, दहाच्या स्पीडने, मागे हॉर्नचा गोंधळ. गायमुखच्या घाटात भरलेला ट्रेलर ओढताना तिसऱ्यावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना आणि ट्रेलर मागे सरकला. नशीब काकांचं की क्लीनरने दगड लावला. काकांनी गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक काढून माझ्या नाकाखाली धरली. जळका वास.

"तिसरा पकरत नाय ताय," ते म्हणाले. "बाकी सगले बरोबर, तिसराच नाय पकरत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. शेडमध्ये आणखी एका डंपरची दोन माणसंही उभी होती. मला माझं नाव दिसायला लागलं, बाईने बॉक्स बांधला आणि घाटात गाडी मागे आली. मी वळले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मिस्त्री, तिसऱ्याची क्लिअरन्स नीट घेतली होती ना?"

"घेतली होती."

"मग प्लेटा अशा कशा जळल्या? हात हलत असेल तर सांगायचं होतंत. मी घेतली असती."

काका खाली बघायला लागले. मिस्त्रींनी साबण घेऊन हात धुतले, नेहमीसारखे, कोपरापर्यंत. स्वतःचं फीलर गेज आणि मायक्रोमीटर डब्यात ठेवलं, डबा पिशवीत घातला आणि सहाच्या ऐवजी चार वाजता निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "बरं नाहीये." तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मी बॉक्स एकटीनेच खोलला. खरं सांगते, मी त्यांची चूक शोधत होते. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिसरा पॅक बाहेर काढला, आठही प्लेटा काळ्या. घासून गेलेल्या प्लेटांवरून मूळची फट किती होती ते कळणार नव्हतं, म्हणून बाकीचे तीन पॅक मोजले, माप घेताना हात चुकत असता तर तिथेही दिसलं असतं. फळ्यावरचे आकडे अजून तसेच होते. जुळले, तिन्ही. पुन्हा मोजले, पुन्हा जुळले. मग तेल का पोचलं नाही? वाटेत काही आहे का म्हणून तिसऱ्याच्या वाटेत उलट्या बाजूने बारीक तार घातली आणि हवा मारली. वळणावर काहीतरी अडलेलं होतं. दोनदा, तीनदा, आणि ट्रेमध्ये ते पडलं.

लाल तेलात लाल दाणा. आधी तर दिसलाच नाही. बोटाने चाचपला तेव्हा हाताला लागला. कुंकू अजून होतं त्याच्यावर.

मी स्टुलावर बसले. मला शरम वाटली, आणि शरम वाटायच्याही आधी, एक क्षणभर, मनात आलं की हा दाणा मोरीत टाकला तर कुणाला कळणार आहे? हे मी लिहितेय कारण ते मनात आलं होतं. मग दाणा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातला, ज्यात आम्ही रबराच्या ओरिंग ठेवतो, आणि पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळी कल्याणला गेले. मिस्त्रींची खोली मी आधी पाहिली नव्हती. वर्षभर माणूस आपल्याकडे काम करतो आणि आपण त्याचं घर बघितलेलं नसतं. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि मुलीचा ग्रॅज्युएशनचा फोटो. मिस्त्री खाली बसून शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करत होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. "तिसऱ्याच्या वाटेत होता."

त्यांनी पिशवी उजेडाकडे धरून बघितली. "हां," म्हणाले. आश्चर्य काहीच नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. आवाज बसका आला तेव्हा आली. पक्कं माहीत असतं तर तुमचं न ऐकता खोलला असता. मग गाडी परत आली, फक्त तिसराच धरत नाही म्हणाले, तेव्हा वाटलं हेच असणार."

"मग बोलला का नाहीत? मी चार माणसांत नको नको ते बोलले तुम्हाला!"

त्यांनी पिशवी मिक्सरशेजारी ठेवली. "काय बोलू, मॅडम? तुमच्या पूजेचा तांदूळ आत गेला, असं? मी?"

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"एकदा बोललेलो ना. प्लास्टिक राहू द्या म्हणून. तुमचा चेहरा बघितलेला मी."

"आम्ही तसल्यातले नाही हो, मिस्त्री," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझं मलाच ते कसं वाटलं ते काय सांगू.

"तुम्ही नसाल," ते शांतपणे म्हणाले. "पण चार माणसं उभी होती तिथे. हात गेला म्हणाले, तर चालतं. वय झालं, हात जातो, सगळ्यांचा जातो. पूजेला नावं ठेवली म्हणाले, तर त्याचं मी काय करू? ते एकदा लागलं की कुठल्या गॅरेजला गेलो तरी माझ्याआधी पोचतं."

बत्तीस वर्षांत कमावलेलं नाव त्या माणसाने माझ्या शेडमध्ये गुपचूप सोडून दिलं होतं, कारण माझ्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा त्यांना ते परवडलं. मी काही वाईट बाई नाही असं मी स्वतःला आयुष्यभर सांगत आलेय. त्या खुर्चीवर बसून ते मला सांगता येईना.

मी फोन काढला, काकांना लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हटलं, "काका, मी मिस्त्रींच्या घरून बोलतेय. बॉक्स खोलला. मिस्त्रींची काही चूक नव्हती. खंडेनवमीला मी उघड्या बॉक्सवर अक्षता टाकल्या, त्यातला दाणा तिसऱ्याच्या वाटेत अडकला. मिस्त्रींनी आधी सांगितलं होतं झाकून ठेवा, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना बोलले ते चुकीचं बोलले. हे तुम्ही सगळ्यांना सांगा."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग काका जे हसायला सुटले ते थांबेनात. "ताय, माझे गारीला तुना अक्षता टाकून लगीनच लावलास की गो!" मग हसू आवरून म्हणाले, "मिस्त्री हाय का तिथं? मिस्त्री, मी काय बोललो व्हतो? मना म्हायती व्हता." त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्या वेळी ते म्हणाले हे बरं झालं. मिस्त्री फोनकडे बघून नुसतं "हां काका, हां," म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर चहा आला. मिस्त्रींच्या बायकोने कप माझ्या हातात देताना, ते मिक्सरचं भांडं ठेवायला आत गेले तेवढ्यात, हळूच म्हटलं, "तुम्ही आलात ते बरं झालं. हे कुणाला बोलत नाहीत. चार दिवस झाले, सकाळी उठले की दारात उभं राहून हात असा पुढे धरतात आणि बघत बसतात. मला म्हणाले, तांदूळ असेल. मग म्हणाले, नसलाच तर?"

मिस्त्री बाहेर आले आणि समोर बसले. चहाला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाकीचे पॅक खोलले का?"

"खोलले."

"क्लिअरन्स मोजली?"

"मोजली. दोनदा."

"पहिल्याची?"

"फळ्यावर लिहिलीत तेवढीच. केसाचाही फरक नाही."

त्यांनी मान हलवली. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"दुसऱ्याची?"

"तेवढीच."

मग त्यांनी कप उचलला, दोन्ही हातांनी, आणि विचारलं, "चौथ्याची?"

"चौथ्याचीसुद्धा, मिस्त्री," मी म्हटलं.